तूर्तास पाठीशी

नवीन पनवेलमध्ये राजकारण समजायला वर्तमानपत्र लागत नाही, मजबूत मान लागते. आदई सर्कल, माथेरान रोड, तिथून स्टेशन, असं मान वर करून चालत सुटावं. खड्डा आला की तेवढ्यापुरती खाली करावी. दोन्ही अंगांना फ्लेक्सवर साहेब असतात. साहेबांच्या डोक्यावर मुंबई-दिल्लीचे त्यांच्याहून मोठे साहेब, गोलात बसवलेले. आणि खाली, साहेबांच्या पोटाच्या रेषेत, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या फोटोंची रांग. ते शुभेच्छुक. निम्म्यांनी गॉगल लावलेला, सगळ्यांनी हात जोडलेले, आणि कोणी कोणाकडे बघत नाही.

मी साहेबांकडे बघत नाही. मी तिकिटं मोजतो.

या मोजणीतून एक कोडं पडलं. साहेबांचं नाव कुठल्या प्रकरणात आलं, तरी कोणाकोणाची तिकिटं पुढच्या वाढदिवसालाही जशीच्या तशी असतात, उलट दोनचार वाढतात. कोणाची मात्र अशी झडतात की फ्लेक्सवर साहेब, केक आणि छापणाऱ्याचा मोबाइल नंबर एवढंच उरतं. आरोप तसलाच, आकडाही साधारण तेवढाच, चॅनेलवर ओरडणारा माणूस तर तोच. मग एकाची माणसं चिकटून राहतात आणि दुसऱ्याची रातोरात "आमचे पहिल्यापासून मतभेदच होते" म्हणायला लागतात, ते का?

हे कोडं मी घरात मांडलं. "रिटायर झाल्यापासून तुमचं हे असं झालंय," असं म्हणून बायकोने मला दळण आणायला पाठवलं.

उत्तर अखेर सापडलं ते आमच्या सोसायटीच्या गच्चीवर. तिथली टाकी गळत होती. चेअरमनसाहेबांनी तिचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं. त्यानंतर ती गळायची थांबली आणि वाहायला लागली. वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या हॉलमध्ये ओलीने भारताचा नकाशा उमटला; पावसाळा सरेपर्यंत त्यात श्रीलंकाही आली. मग कोणीतरी बिल बघितलं. बिल बघितल्यावर कोणीतरी बिलावरचं नाव बघितलं. ठेकेदार चेअरमनसाहेबांचा साडू निघाला.

नातेवाईक ही महाराष्ट्राच्या सत्तेची जुनीच दुखरी जागा. १९८६ साली शिवाजीराव पाटील निलंगेकरांचं मुख्यमंत्रिपद गेलं ते मुलीच्या एमडी परीक्षेच्या गुणवाढ प्रकरणात. १९९९ च्या जानेवारीत मनोहर जोशी पायउतार झाले तेव्हा पुण्यातला शाळेसाठी राखीव भूखंड आणि जावई हे दोन शब्द रोज एकाच बातमीत यायचे. २०१० मध्ये अशोक चव्हाणांनी राजीनामा दिला तेव्हा 'आदर्श'च्या यादीत सासूबाईंचं नाव निघालेलं. मुलगी, जावई, सासू. साडू मात्र मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यापर्यंत कधी पोचला नाही. तो मान आमच्या सोसायटीने मिळवला.

"आणि 'आदर्श' तरी काय होती?" आमच्या ए विंगमधले निवृत्त मास्तर म्हणाले. "सहकारी गृहनिर्माण संस्थाच ना? त्यांची ३१ मजली, आपली ४. फरक फक्त लिफ्टचा." मास्तर तत्त्वाचे आहेत. मेंटेनन्ससुद्धा ते तत्त्व म्हणून उशिरा भरतात.

या सगळ्या गदारोळात सोसायटीचा रौप्यमहोत्सव आला. सत्यनारायणाची पूजा ठरली. चेअरमनसाहेबांनी मला जिन्यात गाठलं.

"फ्लेक्सचं तुमच्याकडे. तुम्ही लिहिता ना?"

"मी लेख लिहितो."

"तेच ते. यात मजकूर कमी असतो, फोटो जास्त."

फ्लेक्सच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे एक गाळा, एक कॉम्प्युटर, एक मुलगा आणि भिंतीला टेकवलेले गुंडाळ्या केलेले नेते. मुलगा वयाने पंचविशीचा, पण राज्यशास्त्रात मला कोणी एवढं एका बैठकीत शिकवलेलं नाही.

"काका, किती बाय किती?"

"तीन बाय पाच."

"कमिटीचे फोटो द्या. आणि आधी सांगा, यातला कोण काढायचा होऊ शकतो?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्याला वेगळ्या लेयरवर ठेवतो. एकदा सगळे एकत्र चिकटवले की नंतर एक काढायचा म्हणजे बाजूच्याचा कान जातो." त्याने कोरलमधली एक फाईल उघडून दाखवली. एका साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. माउसने एकेक शुभेच्छुक उचलून तो बाहेर ठेवत होता, परत आत आणत होता. "हे बघा, हे गेल्या वर्षी बाहेर होते. हे आत आले, हे गेले. हे दोघं दोन्हीकडे आहेत, त्यांची फाईल मी दोन साहेबांच्या फोल्डरमध्ये ठेवलीय. बॅकग्राउंड एकदाच कापलं, कटकट नाही."

"मग हे साहेब अडचणीत आले तर यातले कोण राहणार, तुला कळतं?"

"आधी कळतं. पेपरात यायच्या आठ दिवस आधी फोन येतात. 'माझा फोटो ठेव, पण नाव काढ' म्हटलं की समजायचं, काहीतरी आहे."

मी हसलो. पण घरी येईपर्यंत माझ्याच मोबाइलवर फोन सुरू झाले.

पहिला खजिनदारांचा. "माझा फोटो टाकलात का?"

"टाकलाय."

"नका टाकू. म्हणजे, अगदी काढू पण नका. साहेबांपासून जरा लांब ठेवा."

"फ्लेक्स पाच फुटांचा आहे हो. लांब म्हणजे किती लांब?"

"देवाच्या बाजूला ठेवा ना!"

पाठोपाठ सेक्रेटरी. त्यांना फोटो मोठा हवा होता, पण 'सेक्रेटरी' हा शब्द बारीक. मग मास्तर. "मी तत्त्व म्हणून राजीनामा देतोय."

"कधी?"

"पूजा झाल्यावर. प्रसादाचा रवा माझ्या नावावर आणलाय."

मी प्रत्येकाचं ऐकलं, कारण नाही म्हणणं मला जमत नाही आणि हो म्हणून विसरणं वयोमानाने जमायला लागलंय. प्रूफ आलं तेव्हा खजिनदार सत्यनारायणाच्या मांडीवर बसल्यासारखे दिसत होते. सेक्रेटरी चेअरमनपेक्षा मोठे. मास्तर अर्धे पारदर्शक, मुलगा म्हणाला, "काका, राजीनामा देणार म्हणालात म्हणून फेड केले." आणि खुद्द चेअरमनसाहेबांचा लेयर बंद राहिला होता. त्यांच्या जागी भगवी झळाळी, आणि खाली ठळक अक्षरांत : सौजन्य – वॉटरप्रूफिंगची सर्व कामे खात्रीने. फ्लेक्सचे पैसे साडूंनी दिले होते.

चेअरमनसाहेबांनी ते प्रूफ पाहिलं आणि एवढंच विचारलं, "मी गेलो का?"

मला वाईट वाटलं. मी बायकोला म्हणालो, "बिचाऱ्याची माणसं फुटली. आता हा टिकत नाही."

बायको भेंडी पुसत होती. भेंडी पुसताना तिचं राजकीय आकलन विलक्षण तीक्ष्ण असतं. "कोणी काढत नाही त्यांना," ती म्हणाली. "काढलं तर होणार कोण? पाणी आलं नाही की पहाटे टँकरवाल्याला फोन कोण करणार? तुम्ही?"

आता हे एवढं सोपं उत्तर माझ्या डोक्यात का आलं नाही, याला कारण आहे. मी आजवर घोटाळ्याकडे बघत होतो. बघायचं असतं खुर्चीकडे. खुर्चीला गिऱ्हाईक असलं की घोटाळा भयंकर होतो. नसलं की 'छोटीशी तांत्रिक चूक' होते. आमच्या चेअरमनच्या खुर्चीला मानधन नाही, आणि रात्री अकराला बेल वाजवून "खालच्या मजल्यावरचे लोक फोडणी फार जोरात देतात" अशी तक्रार ऐकायला मिळते. मंत्रालयातल्या खुर्चीचं तसं नाही. तिथे बसलेला माणूस नुसता शिंकला तरी मागे पाचजण "काळजी घ्या साहेब" म्हणत पुढे सरकतात.

आपल्या जिल्ह्याचंच बघा. कुलाबा जिल्ह्याचं रायगड झालं १९८१ मध्ये, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना. म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचा माणूस, सारा जिल्हा ताठ मानेने चालायचा. सिमेंट तेव्हा परवान्यावर मिळे. बिल्डरांनी ट्रस्टला देणग्या द्यायच्या आणि सिमेंट घ्यायचं, असं ते प्रकरण. 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये अरुण शौरींनी ते बाहेर काढलं, जानेवारी १९८२ मध्ये हायकोर्टात न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला आणि अंतुले गेले. ट्रस्टच्या नावात इंदिरा गांधी होत्या. राजीनाम्यावर सही करायला अंतुले एकटेच. जागेवर बाबासाहेब भोसले आले, ज्यांचं नाव रांगेत आहे हे रांगेलाही माहीत नव्हतं.

पण गंमत पुढे आहे. वरच्यांनी हात काढून घेतला, खालच्यांनी नाही. १९८९, ९१, ९६ असं ओळीने याच जिल्ह्याने अंतुल्यांना लोकसभेत पाठवलं, आणि परत २००४ मध्ये. संजय गांधी निराधार योजना त्यांच्या काळातली. ज्या म्हातारीच्या घरी ते पैसे आले तिला मुख्यमंत्र्याच्या खुर्चीत बसायचं नव्हतं. तिच्या दृष्टीने सिमेंटचा विषय गौण होता. तिचं घर मातीचं होतं.

याउलट एकनाथ खडसे. भाजपचे, विधानसभेतले तेव्हाचे विरोधी पक्षनेते. २०१४ मध्ये युती तुटल्याची घोषणा यांनीच केलेली. सत्ता आली आणि मुख्यमंत्रिपदाची इच्छाही त्यांनी लपवली नाही. रांगेत पुढे उभं राहण्याचा तोटा असा की मागच्या सगळ्यांना आपली पाठ दिसते. भोसरीच्या जमिनीचे आरोप झाले, जून २०१६ मध्ये महसूलमंत्रिपद गेलं, आणि 'नाथाभाऊ आगे बढो' म्हणणारे एवढ्या मागे राहिले की ऐकूच येईनात. ते वाट बघत राहिले. शेवटी ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रवादीत गेले. भाजपने खडसे नसण्याची सवय कधीच करून घेतली होती.

मनोहर जोशींच्या बाबतीत साथीदारांना विचार करायची सोयच नव्हती. विचार करण्याचं खातं 'मातोश्री'कडे होतं. तिकडून निरोप आला, सर उतरले, नारायण राणे चढले. पुढचा हिशोब मात्र उलटा निघाला : खुर्ची मिळाली ते राणे २००५ मध्ये शिवसेनेतून बाहेर पडले, खुर्ची गेली ते जोशी लोकसभेचे सभापतीही झाले आणि शेवटपर्यंत सेनेतच राहिले.

आणि अशोक चव्हाण? मुख्यमंत्रिपद गेलं, पण २०१४ च्या लाटेत काँग्रेसला महाराष्ट्रात ज्या अवघ्या २ जागा मिळाल्या, त्यातली एक त्यांची नांदेडची. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राच्या श्वेतपत्रिकेत 'आदर्श'चा उल्लेख झाला आणि त्याच महिन्यात चव्हाण भाजपमध्ये गेले. एका हातात श्वेतपत्रिका, दुसऱ्या हातात हार. ज्याच्याकडे मतं आहेत त्याचं प्रकरण न्यायप्रविष्ट असतं. ज्याची संपली त्याचं अत्यंत गंभीर.

मधला मार्गही असतो. जुलै २०२५ मध्ये कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत फिरली. ते म्हणाले, मी खेळत नव्हतो, जाहिरात घालवत होतो. पक्षाने त्यांना सोडलं नाही आणि शेतीतही ठेवलं नाही. क्रीडा खातं दिलं. असला न्याय करायला प्रतिभा लागते. आमच्या खजिनदारांचा चिरंजीव बारावीला मोबाइलवर हेच करत होता, त्याला आम्ही कॉमर्सला टाकला.

हे सगळं आपल्याकडेच चालतं असं समजू नये. विलायतेत बोरिस जॉन्सनच्या सरकारमधून जुलै २०२२ मध्ये दोन दिवसांत पन्नासहून जास्त मंत्री आणि इतर पदाधिकारी राजीनामा देऊन मोकळे झाले. एक शिक्षणमंत्री बाई मंगळवारी नेमल्या, गुरुवारी गेल्या. त्याच मंगळवारी ज्यांना अर्थमंत्री केलं, त्यांनी गुरुवारी जॉन्सनला जाहीर पत्राने 'आता तुम्ही जा' सांगितलं. साहेबांनी दिलेल्या लेटरहेडवर साहेबांनाच पत्र! आपल्याकडे त्याच्या आदल्याच आठवड्यात, २९ जूनला, उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला होता. आपली माणसं पत्रबित्र लिहीत बसली नाहीत. आधी सुरत, मग गुवाहाटी. झाडी, डोंगर, हाटील. आणि ताजा घोटाळा म्हणावा असा काही मध्ये नव्हताही. साथीदारांना जायला घोटाळा लागतोच असं नाही. गाडी बरी लागते.

साथीदारांत एक जमात मात्र अशी आहे की तिला सोडून जाताच येत नाही. ती आमच्या पनवेलने जवळून पाहिली. कर्नाळा नागरी सहकारी बँक. पाचशे कोटींच्या वरचा घोटाळा असल्याचा आरोप. बँकेचे माजी अध्यक्ष आणि शेकापचे माजी आमदार विवेक पाटील यांना जून २०२१ मध्ये ईडीने अटक केली, ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द केला. राजकारणातला सोबती पक्ष बदलतो, झेंडा बदलतो, नंबर बदलतो. ठेवीदार काय बदलणार? ५ लाखांपर्यंतचा विमा आणि पुढचं देवाच्या पासबुकात. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका त्यातलेच. टाकीच्या बिलावरून सोसायटी पेटली तेव्हा ते एकटे शांत होते. म्हणाले, "साडूच आहे ना? चांगलंय. घर तरी माहीत आहे."

तर आमची वार्षिक सर्वसाधारण सभा. ठरल्या वेळी कोरम झाला नाही, म्हणून ती नियमाप्रमाणे तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच खुर्च्यांवर, त्याच माणसांत परत भरवली. चेअरमनसाहेब उभे राहिले. आवाज जड झाला होता. "सभासदांचा विश्वास नसेल तर मी राजीनामा देतो."

पार्किंगमधला पंखा तेवढा आवाज करत होता. सगळे मान खाली घालून फरशीचे तुकडे मोजू लागले. सेक्रेटरींना एकाएकी खोकला आला. मास्तर उठले आणि म्हणाले, "साहेब, चुका कोणाकडून होत नाहीत? टाकी काय, माणूस काय, थोडं गळायचंच." वहिनी, ज्यांच्या भिंतीवर श्रीलंका आहे त्या, म्हणाल्या, "रंग दिला की दिसत नाही."

प्रकरण मिटल्यात जमा होतं. इतक्यात सी विंगमध्ये नुकताच फ्लॅट घेतलेला एक तरुण मागून म्हणाला, "मी होतो ना चेअरमन!"

पुढची दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. खुर्चीला गिऱ्हाईक आलं म्हटल्यावर टाकी अशी गळायला लागली की काय सांगू! मास्तरांना एकदम तत्त्वं आठवली. खजिनदारांनी पिशवीतून बिलाच्या झेरॉक्स काढल्या. प्रत्येकासाठी एक, म्हणजे तयारी आधीचीच. सेक्रेटरी म्हणाले, त्यांनी पहिल्याच दिवशी तोंडी विरोध केला होता, स्वतःशी. "साडू" हा शब्द जाऊन "मोठं रॅकेट" आलं. वहिनींची ओल त्या दहा मिनिटांत हॉलमधून बेडरूममध्ये गेली. कोणीतरी रजिस्ट्रारचं नाव घेतलं, कोणीतरी ईडीचं. चेअरमनसाहेबांच्या डाव्या-उजव्या खुर्च्या कधी रिकाम्या झाल्या कळलं नाही. मीसुद्धा जरा सरकलोच. माझ्या खुर्चीचा पाय हलत होता, हे खरं कारण.

तरुण खूश झाला. पुढे येऊन त्याने विचारलं, "चार्ज कधी घ्यायचा? आणि हो, तो टँकरवाला, त्याला फोन वॉचमन करतो ना?"

"चेअरमन करतात," सेक्रेटरी म्हणाले.

"किती वाजता?"

"पहाटे पाच. साडेपाचनंतर तो उचलत नाही."

"ऑनलाइन बुकिंग...?"

सगळी सभा त्याच्याकडे नुसती बघत राहिली. तरुणाने मोबाइल काढला, कानाला लावला आणि "हां मम्मी, आलोच" म्हणत जिना चढून गेला. मोबाइल वाजल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर ओल बेडरूममधून हॉलमध्ये परत आली. झेरॉक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूवर खजिनदारांनी चहाचे कप मोजले. डाव्या-उजव्या खुर्च्या भरल्या. मास्तरांनी ठराव मांडला की चेअरमनसाहेबांनी राजीनाम्याचा विचार मागे घेतल्याबद्दल ही सभा त्यांचं अभिनंदन करत असून सर्व सभासद त्यांच्या पाठीशी खंबीरपणे उभे आहेत. मी अनुमोदन दिलं. मिनिट बुकात ते 'सर्वानुमते' म्हणून लागलं. शिवाय टाकीचं काम नव्याने आणि पारदर्शक पद्धतीने व्हावं, त्यासाठी तीन कोटेशनं मागवावीत, असंही ठरलं.

कोटेशनं आली. सर्वांत कमी साडूंचं होतं.